धारेवरची हाळी

नाशिक,
रंगपंचमीनंतरचा रविवार

प्रिय तेजस्विनीवहिनी,

सप्रेम नमस्कार. मी ठणठणीत आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर काही येत नाही, म्हणून शेवटी पोस्टाची पायरी चढले. पत्र घोटीला, तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. माहेरी पाठवलं असतं तर तुझ्या आईने आधी फोडून वाचलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे.

आज चामर लेणीच्या मागच्या डोंगरधारेवर जाऊन आले. रंगपंचमीनंतरचा रविवार तो आपला, मग मी दुसरीकडे कुठे जाणार? म्हसरूळच्या बाजूला आता पार डोंगराच्या पायाशी सोसायट्या आल्यात. गॅलरीतले वाळत घातलेले कपडे संपले की लगेच घळ सुरू होते. घळीत पळस भरात होता. वाटेत भेटेल त्याच्या कानामागे रंगपंचमीच्या हौदाचा, रहाडीचा, रंग राहिलेला, माझ्याही. वर मस्त वारा होता आणि एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी स्पष्ट दिसत होती. तू असतीस तर बसल्याबसल्या घोटीच्या मुरमुऱ्यांची पुडी सोडली असतीस आणि कांदा विसरल्याबद्दल मला फैलावर घेतलं असतंस. मी आजही विसरले. कुणी काही बोललं नाही.

तशी अगदी एकटी नव्हते. एक पाहुणी होती सोबत, सरिता नावाची. पेठ तालुक्यातली आहे, तिकडेच सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दादाने तिला आणलं आणि स्वतः पायथ्याच्या टपरीवर फोन कानाला लावून बसला. दादा तुला माहीतच आहे.

आता कळलं असेल तुला. वैशाखात लग्न आहे त्याचं. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून लिहायला बसले आणि पानभर पळस नि मुरमुरे करत राहिले.

तुमचं दोघांचं जमलं नाही, कोर्टात रीतसर सह्या झाल्या, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यात माझी वहिनी गेली, ते कुणी विचारलंच नाही. घरात तुझं नाव निघालं की आई कुकर लावायला उठते. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी अकरावीत होते. डोंगर चढायला तू शिकवलंस, मुंबईची नोकरी नाकारायचं बळ तू दिलंस. मला तुझी फार आठवण येते गं.

आपली रीत आठवते ना? पुढचीने वर पोचून हाळी द्यायची आणि मागचीची उलट हाळी आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. आज धारेवर पोचले आणि सवयीने तोंडाशी हात धरून हाळी दिली. सरिता मागून येतेय हे डोक्यातच नव्हतं. मी तुलाच बोलावत होते. आणि घळीतून उलट हाळी आली, लांब आणि खणखणीत. डोंगरातली मुलगी ती, तिला कोण शिकवणार! क्षणभर मला वाटलं, आलीस. मग झाडीतून तिची ओढणी दिसली आणि मी मट्कन खाली बसून रडले.

तिने येऊन पाणी दिलं. कुणाला बोलवत होतात, असं विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही, तुझं नाव सांगितलं. आता ही रुसणार, घरी जाऊन सांगणार, अशी माझी खात्री होती. तिने बाटलीचं झाकण लावलं.

"मंग त्यांना बोलवा ना, ताई," ती म्हणाली. "डोंगर काय तुमच्या भावाचा हाय?"

वहिनी, ती चांगली आहे. मला ती आवडली, आणि आवडली म्हणून दिवसभर चोरट्यासारखं वाटतंय.

लग्नाची पत्रिका तुला येणार नाही. तुला लिहिलंय हे मात्र मी उद्या आईला सांगणार आहे, मग तिला कितीही कुकर लावू देत. पुढच्या रविवारी उजाडताना म्हसरूळच्या बसथांब्यावर उभी असेन. घोटीहून पहिल्या गाडीने निघालीस तर ऊन तापायच्या आत वर पोचू. सरिता येते म्हणाली होती, मी नको म्हटलं. या खेपेला मला तू एकटीच हवी आहेस. नाही आलीस तर मी तशीच घरी परतेन. तुझ्याशिवाय त्या धारेवर आता मला जाववत नाही.

आता कुणाची नणंद म्हणून नव्हे,
तुझीच,
वैष्णवी