चाच्याचा चाकू

अहमदपूर
दि. ७ नोव्हेंबर १९८२

ती. अक्कास,
नरसिंगचा सविनय जय भीम. वि. वि. आम्ही इकडे ठीक आहोत.

आपला तालुका उस्मानाबादेतून निघून लातूर जिल्ह्यात आला, हे तुला ठाऊकच आहे. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या. पाऊस मात्र जिल्हा बघून पडत नाही. विहिरी दिवाळीच्या आधीच तळाला गेल्यात.

मला एक गोष्ट खुपून राहिली. मुंबईची एस.टी. आता लातूरहून सुटते, लातूरचेच ड्रायव्हर नेतात. मुंबईत मुक्काम असला की बाकीचे ड्रायव्हर झोप काढायचे आणि मी चोरबाजारात फिरायचो. नाहीतर दारूखान्यात, जिथं मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान विकतात तिथं. आता नुसतं अहमदपूर-उदगीर, उदगीर-अहमदपूर. ड्यूटी संपून घरी आलो तरी पाय एका जागी ठरत नाहीत, अंगणात येरझाऱ्या घालतो. तुझी भावजय कोंडाबाई म्हणते की गाडी डेपोत लावली, इंजिन घरी घेऊन आले.

शेवटच्या फेरीला एक तलवार घेतली. आखूड, वाकडी, मुठीवर पितळी वाटी. दुकानदार शपथेवर सांगत होता की ती समुद्री चाच्याची आहे, म्हणजे जहाजं लुटणाऱ्या दरोडेखोराची. बैठकीत कवटीचं काळं निशाण आहे ना, त्याच्याखाली टांगली. लाल काचेचा कंदील, होकायंत्र, दुर्बीण, जहाजाची गोल खिडकी, सगळं जागच्या जागी आहे. तिचं म्हणणं, हंडाभर पाण्याला रांग लावायची आणि घरात जहाजाचं सामान मांडायचं, लोक हसतात. शिवाय पितळ घासण्यात वर्षाची चिंच संपते.

तुझा धम्मपाल मालवाहू जहाजावर खलाशी होऊन गेला त्याला वर्ष होत आलं. तुझ्याकडे त्याचं पत्र आलं का? मला नाही. कळव. भावावर माया ठेव.
तुझा,
नरसिंग

*

हदगाव
दि. ५ डिसेंबर १९८२

चि. नरसिंगास,
अक्काचे अ. उ. आ. कोंडाबाईस जय भीम.

धम्माचं पत्र आषाढात आलं ते शेवटचं. पोस्टमन गल्लीत वळला की मी दारात येऊन उभी राहते, आन् तो समोरून निघून जातो. आता तर तो लांबूनच मान हलवतो. कापूस गुडघ्याएवढाबी झाला न्हाई. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊन राहिले. हात चालतात, ध्यान ठिकाणावर न्हाई. परवा हातोडा बोटावर बसला.

तुला राग येईल, पण लिहिते. पोरगं मॅट्रिक झालं होतं, तलाठ्याच्या परीक्षेला बसणार होतं. दर सुट्टीत तू त्याला नेलंस आन् ती दुर्बीण डोळ्याला लावून दिलीस. त्याला समुद्र दाखवलास, तोबी अहमदपुरात बसून. चाच्यांच्या गोष्टी तर तू अशा रंगवून सांगायचास की जणू ते आपल्या सोयऱ्यातले. आता खरं सांग, ते चाचे आजबी असतात का?

ते सगळं सामान भंगारात घाल. मी येईन तेव्हा ती कवटी माझ्या नजरेस पडू नये. जेवण वेळेवर करत जा, उदगीरच्या स्टँडवरची भजी खाऊ नको.
तुझी,
अक्का

*

अहमदपूर
दि. २२ डिसेंबर १९८२

ती. अक्कास,
नरसिंगचा सविनय जय भीम.

तुझं पत्र वाचलं आणि रजा टाकून मुंबई गाठली. जहाज कंपनीच्या हाफिसातला बाबू म्हणाला की जहाज आफ्रिकेकडं आहे, वाईट खबर असती तर तार आली असती. एवढ्यावरच बोळवण केली. येताना दारूखान्याच्या तोंडाशी उभा राहिलो, पण आत पाऊल पडलं नाही. तशी ही पहिलीच वेळ.

चाचे कधीच संपले, अक्का. दीडशे वर्षं झाली असतील. त्याची धास्ती घेऊ नको.

सामान भंगारात घालायचं म्हणून होकायंत्र पिशवीत घालून निघालो होतो. भंगारवाल्यापर्यंत गेलो आणि परत आलो. तुझा राग मला मान्य आहे, पण हात होईना. रागावलीस तरी पत्र बंद करू नको.
तुझा,
नरसिंग

*

मोंबासा बंदर
दि. २३ जानेवारी १९८३

ती. मामांस,
धम्मपालचा सविनय जय भीम. मी खुशाल आहे.

पत्र नाही म्हणून आई काळजीत असेल. आफ्रिकेच्या पश्चिमेला एका बंदरात माल उतरवायला आमचा नंबरच लागेना. महिनेच्या महिने नांगर टाकून बाहेर उभे होतो. पत्रं लिहून ठेवली, टाकायला किनारा नव्हता. आईची पत्रं याच टपालात हदगावला टाकली आहेत, पण पुढचं तिला सांगू नका.

एका संध्याकाळी जेवणं चालली असताना दोन लांबट होड्या जहाजाला लागल्या. दोरांना आकडे बांधून सात-आठ माणसं वर आली. मामा, हे चाचे. निशाण नाही, तलवार नाही. अनवाणी, बरगड्या दिसणारी माणसं. त्यांनी दोरखंड घेतले, रंगाचे डबे घेतले, भटारखान्यातला तांदूळ घेतला. एकानं माझ्या बुटांकडं बोट केलं. मी नाही म्हणून मान हलवली तर त्यानं दंडावर चाकू ओढला. टाके पडले, आता जखम भरली आहे. मग मी बूट काढून दिले. बूट बगलेत मारून त्यानं पाण्यात उडी टाकली आणि चाकू डेकवर राहिला.

तो मी तुमच्यासाठी जपून ठेवलाय. तुमच्या भिंतीवर खऱ्या चाच्याची वस्तू ही एकच असेल.

मला त्याचा नीट राग येत नाही. आपल्याकडं रोजगार हमीच्या हजेरीला माणसं उभी असतात ना, तसा दिसत होता. एप्रिलमध्ये मुंबईला येतो. मामींना जय भीम सांगा. आशीर्वाद असू द्या.
आपला,
धम्मपाल

*

अहमदपूर
दि. १३ फेब्रुवारी १९८३

ती. अक्कास,
नरसिंगचा सविनय जय भीम.

धम्माची पत्रं तुला मिळालीच असतील. तो जिवंत आहे, खुशाल आहे, हे आधी वाच. मग सोबतचं त्याचं पत्र वाच. तुला सांगू नका असं त्यानं लिहिलंय. ते पत्र खिशात ठेवून आठ दिवस गाडी चालवली. काल हाळीच्या थांब्यावर माणसं हात करत राहिली आणि मी गाडी तशीच पुढं काढली. कंडक्टरनं घंटी मारून मारून थांबवली. तेव्हा ठरवलं की हे तुझ्यापासून लपवायचा मला हक्क नाही.

चाचे संपले, असं मी तुला लिहिलं होतं. मला काय माहीत होतं? दुकानदारानं सांगितलं तेवढंच.

निशाण उतरवलं. तलवार आणि बाकीचं सगळं सामान पोत्यात गुंडाळून बाजेखाली सारलं. भिंतीला खिळे तेवढे राहिले. तुला जे बोलायचं ते बोल.
तुझा,
नरसिंग

*

हदगाव
दि. ८ मे १९८३

चि. नरसिंगास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझ्या त्या पत्राला उत्तर दिलं न्हाई, कारण लिहायला बसले की शिव्याच सुचायच्या. तुला न्हाई, त्या चाकूवाल्या मेल्याला. खडी फोडताना दर दगड त्याच्याच टाळक्यात घालत होते.

धम्मा येऊन पंधरवडा झाला. काळा पडलाय, आवाज घोगरा झालाय. दंडावरचा वण मी बोट फिरवून पाह्यला. भरून आलाय. पुढल्या महिन्यात परत जायचं म्हणतो. तलाठ्याचं नाव काढलं तर हसतो. मी जा म्हणाले. थोडा तुझ्यामुळं गेला, थोडा या कोरड्या सालामुळं, कुणामुळं किती ते मी आता बघत बसत न्हाई.

काल त्यानं पेटीतून तो चाकू काढला. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर असंल. मूठ फुटलेली, तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली. पातं घासून घासून मधी खोल गेलंय. असं पातं माणसं मारून होत न्हाई, नरसिंग. रोज घासून, रोज चिरून होतं. मुठीजवळ माशाचं खवलं चिकटलेलं होतं, ते मी नखानं काढलं, मग वाटलं राहू द्यायचं होतं. कालपासून माझ्या मनात तेच येऊन राहिलं. तो बूट घेऊन गेला, पण घरी चाकू न्हाई म्हणून त्याची बाई त्याला काय बोलली असंल. का तो घरी पोचलाच न्हाई, आन् तीबी माझ्यासारखी दारात उभी असंल.

धम्मा रविवारी तुझ्याकडं येतो, चाकू घेऊन. निशाण उतरवलंस ते बरं केलंस. बाकीचं सामान परत लाव, खिळे नुसते दिसले तर घर लुटल्यागत वाटतं. मुंबईच्या गाडीसाठी लातूरला बदली मागायची असंल तर माग, कोंडाबाईला मी सांगते. पण चाकू भिंतीवर टांगू नको. सैपाकघरात फळीवर ठेव. कोणी विचारलं तर चाच्याचा म्हणू नको. लांबच्या एका घरातला हाय, चुकून इकडं आला, एवढंच सांग.

तब्येतीला जप. माझी माया हाय तशीच हाय.
तुझी,
अक्का