पेन्सिल ही नोंद नव्हे

२ मार्च, सकाळी ६.५०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. कुणी वाचावी म्हणून नाही, पण अक्षर नीट काढतो आहे.

बातमी: गंभीररावांच्या जन्मशताब्दीला वाचनालयात भाषण आणि त्यांच्यावर छोटं पुस्तक, दोन्ही माझ्याकडे. गंभीरराव म्हणजे तो विनोदी नट, जो चाळीस वर्षांत स्टेजवर एकदाही हसला नाही. लोक खुर्चीतून घसरायचे, हा भिंतीसारखा उभा. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, तुमचं त्यांच्यावर काम आहे ना? 'आहे' म्हणालो. म्हणजे होणार आहे. आतापर्यंतचं काम: वर्तमानपत्राला एक पत्र. अकरा ओळी लिहिल्या, सात छापून आल्या.

माझा सिद्धांत: जगाला हसवणारा माणूस आतून तत्त्वज्ञ असतो. ऑफिसात सांगितला. आवक-जावकवाला म्हणाला, आणि हेडक्लार्क आतून काय असतो? अशा लोकांमुळेच खात्यात वैचारिक वातावरण नाही.

संकल्प: रोज पाच पानं. चहाच्या आधी.

३ मार्च
चहाच्या आधी डोकं चालत नाही. उद्यापासून चहाच्या नंतर.

६ मार्च, रविवार
गंभीररावांच्या घरी गेलो. दुसरा मजला, जिन्याचा कठडा हलतो. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. काकू एकट्या असतात. वय एक्याऐंशी, कान शाबूत. मी वाकून नमस्कार करेपर्यंत म्हणाल्या, कंबर सांभाळा, उचलायला घरात कुणी नाही.

आणि कपाट उघडलं! एकोणीस पुस्तकं. नाटकाचं एकही नाही. काळ म्हणजे काय, आत्मा आहे की नाही, सुख कशात असतं. एकेक उशीएवढं जाड. आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीच्या खुणा! कुठे बरोबरची टिक, कुठे फुली. अंगावर काटा आला. इथे पटलं, इथे खोडून काढलं! संध्याकाळी लोकांना हसवणारा माणूस दुपारी एकटा बसून जगातल्या थोर डोक्यांचे पेपर तपासत होता!

काकू मध्ये मध्ये बोलत होत्या. दुपारचं जेवण झालं की हे आडवे व्हायचे आणि मी खुर्ची ओढून घ्यायचे, असं काहीतरी लांबलचक. मी खुणा मोजत मान हलवली. एकट्या माणसाला बोलायला कुणीतरी लागतं. घरगुती आठवणींच्या नादी लागलं की पुस्तक भरकटतं.

पुस्तकं न्यायला दिली. शताब्दीपर्यंत आणून द्या, म्हणाल्या. जशी आहेत तशी.

९ मार्च
ही म्हणाली, अहो, जेवणाच्या टेबलावर एकोणीस पुस्तकं, मग जेवायचं कुठे? संशोधकाच्या घरात हा प्रश्न येऊच नये. मांडीवर ताट घेऊन जेवलो.

गणती: टिक १३८, फुल्या २१२. पटण्यापेक्षा न पटणं जास्त. काय करडी बुद्धी! आत्म्याच्या पुस्तकात तर दर दोन-तीन पानांवर फुली. एक अडचण: काळाच्या पुस्तकात एक फुली, मग चाळीस पानं काहीच नाही. बहुधा मूक निषेध.

१२ मार्च
लिहून झालेली पानं: शून्य. शीर्षक मात्र तीनदा बदललं.

१३ मार्च, रविवार
सकाळ सत्कारणी लागली. काल फोटोवाल्याने पुस्तकांच्या पानांचे फोटो आणून दिले. खुणा उमटलेल्याच नाहीत. सुखावरचं निळं पुस्तक, जे सगळ्यांत शेवटी घेतलेलं दिसतं, त्यातल्या खुणा तर इतक्या पुसट, की पेन्सिल टेकवायचाही कंटाळा केला असावा.

जन्म-मृत्यू नोंदणीत सव्वीस वर्षं काढल्याचा असा उपयोग होतो. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात: पेन्सिल ही नोंद नव्हे. पुसट नोंद दिसली की शाईने गिरवायची आणि बाजूला सही. काळी शाई काढली, बारीक निब लावलं, साडेतीनशेच्या साडेतीनशे खुणा गिरवल्या. ठळक, सरळ, एका उंचीच्या. सवयीने दोन-तीन ठिकाणी सहीही झाली.

आता शंभर वर्षं हलत नाहीत.

१४ मार्च
ही म्हणाली, दुसऱ्याच्या पुस्तकात शाईने? मी म्हणालो, याला जतन म्हणतात. ही म्हणाली, मग मलाही गिरवा एकदा, मीही फिकी पडले आहे. वर म्हणाली, काकूंना विचारलं होतं?

विचारायचं राहून गेलं. सांगेन. त्यांना आनंदच होईल.

२० मार्च, रविवार
काकूंकडे. सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

आधी एक भारदस्त अवतरण हवं होतं म्हणून विचारलं, गंभीरराव तत्त्वज्ञानावर काय म्हणत? त्या म्हणाल्या, म्हणतायत कसलं, तिसरीत शाळा सुटली, अक्षरं त्यांच्यासमोर नाचायची हो. 'अक्षरं त्यांच्यासमोर नाचायची'! काय प्रतिमा आहे! साधीसुधी बाई, पण सहवासाचा परिणाम. तिसऱ्या प्रकरणाची पहिली ओळ तीच.

मग त्याच म्हणाल्या, पुस्तकं बरी आहेत ना? त्यातलं निळं तेवढं मला हाताशी असलेलं बरं वाटतं. पुढच्या खेपेला जमलं तर तेवढं आणा.

मी म्हणालो, उत्तम आहेत. चहा चुकीच्या नळीत गेला. दोन मिनिटं खोकलो. इतक्या खोकल्यानंतर गंभीर विषय काढणं बरं दिसलं नसतं.

२२ मार्च
शाई खोडायचं रबर आणलं. निळ्या पुस्तकाच्या पान २०३ वर प्रयोग केला. शाई गेली. कागदही गेला. भोकातून पान २०५ दिसतं.

रबर ड्रॉवरमध्ये मागे सारलं. पुस्तक पिशवीत तळाला.

२७ मार्च, रविवार
पुस्तक पूर्ण! चौसष्ट पानं. त्यातली अठ्ठावन्न गेल्या चार दिवसांत. रजा टाकली, कारण 'प्रकृती'. खोटं नाही, लिहून प्रकृती बिघडलीच.

प्रस्तावनेतल्या एका वाक्यावर विशेष खूश आहे: 'त्यांच्या या वैचारिक आयुष्याची त्यांच्या पत्नीला कल्पना असणं शक्यच नव्हतं, संसार सांभाळणाऱ्या माणसाला तेवढी उसंत कुठून?' समतोल आहे. दोष कुणालाच नाही.

संध्याकाळी काकूंकडे निघालो. पिशवीत निळं पुस्तक आणि माझं हस्तलिखित. जिन्यात पाच मिनिटं उभा राहिलो. कठडा हलत होता. वर जाऊन हस्तलिखित दिलं आणि म्हणालो, सवडीने चाळा, शिष्टाचार म्हणून. निळं पुस्तक तसंच पिशवीत राहिलं. त्या म्हणाल्या, आणि माझं निळं? मी म्हणालो, अजून एक संदर्भ बघायचा आहे. त्या म्हणाल्या, बघा बघा, काम आधी.

असं म्हणायला नको होतं त्यांनी. रागावल्या असत्या तर सांगता आलं असतं.

३ एप्रिल, रविवार
आज सांगणारच होतो. पण भाषणाआधी त्यांचं मन दुखावणं योग्य नाही. नंतर दुखावणं जास्त समंजसपणाचं. गेलो नाही.

आरशासमोर भाषण केलं. ही दारात उभी राहून म्हणाली, हात कमी हलवा, कोट उसवलाय.

१० एप्रिल, रविवार, रात्री ९
जे घडलं ते क्रमाने लिहितो. सवयच आहे.

सभागृह भरलेलं. काकू पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. टेबलावर एकोणीस पुस्तकं रचलेली. मागे पडद्यावर माझ्या गिरवलेल्या पानांचे फोटो. फार उठून दिसत होते.

अर्धा तास छान गेला. मग मी आत्म्याचं पुस्तक उंच धरलं आणि म्हणालो, पहा, आत्मा अमर आहे या युक्तिवादावर गंभीररावांची ही फुली! एका फटक्यात त्यांनी लेखकाला आडवा केला!

पहिल्या रांगेतून काकू म्हणाल्या, लेखक नाही हो, हे आडवे झाले.

अध्यक्ष म्हणाले, काकू, काही सांगायचंय? त्या उठल्या. माईक नको म्हणाल्या. म्हणाल्या, यांना वाचता यायचं नाही. दुपारी मी मोठ्याने वाचायचे, हे डोळे मिटून ऐकायचे. हे हसले की मी टिक करायची. झोप लागली की फुली, म्हणजे उद्या तिथून पुढे. हवी तेवढी विद्वान पुस्तकं आणा म्हणायचे, हसायला नाटकात कुठे मिळतं. जिथे हसू यायचं तिथलंच काहीतरी महिन्याभरात स्टेजवर जायचं. आत्म्याच्या पुस्तकाने मात्र फार झोपवलं. मला विचाराल तर ते चूकच होतं, पण माझं मत कुणी मागितलं नव्हतं.

कुणीतरी मागून विचारलं, आणि काळाच्या पुस्तकातली चाळीस कोरी पानं? (तो मुद्दा मी दहा मिनिटं मांडला होता.) काकू म्हणाल्या, मी बाळंतपणाला गेले होते. मागे राहून त्यांनी एकट्याने पानं उलटली, वाचली म्हणून दाखवायला.

सभागृह कोसळलं. डोळे पुसायला रुमाल काढले लोकांनी. मी पुस्तक उंच धरूनच उभा. हात खाली घ्यायचं सुचेना, चेहरा हलेना. अध्यक्ष नंतर म्हणाले, शेवटी शेवटी हुबेहूब गंभीरराव वाटलात. लोक मला येऊन भेटले. इतकी दाद मला आयुष्यात मिळाली नव्हती.

११ एप्रिल
काल अर्धंच लिहिलं. उरलेलं हे.

गर्दी पांगल्यावर काकू टेबलाशी आल्या. निळं पुस्तक शोधून काढलं. छातीशी धरलं, मग उघडलं. मी पाण्याचा ग्लास उगाच सरळ करत होतो.

शाई आहे का ही? असं विचारलं. मी म्हणालो, पुसट होत्या, फोटोत येत नव्हत्या, म्हणून.

पुसट होत्या खऱ्या, म्हणाल्या. हे शेवटचं वाचलेलं. तेव्हा त्यांची झोप फार पातळ झाली होती. पेन्सिल घासल्याचा आवाजही जागं करायचा. म्हणून नुसती टेकवायचे मी.

आणि पानं उलटत राहिल्या. भोकापाशी थांबल्या, त्यातून बोट घालून पाहिलं. शेवटच्या फुलीपाशी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. त्या फुलीनंतर पुस्तकात एकही खूण नाही. हे मी गणती करताना पाहिलं होतं. टिपलंही होतं: 'इथे त्यांचा या विषयातला रस संपलेला दिसतो.'

ही सही कुणाची? त्यांनी विचारलं.

माझी, म्हणालो.

त्यांनी मान हलवली. ही पुढे झाली, त्यांचा हात धरला आणि त्यांना घरापर्यंत सोडून आली. निळं त्यांच्याबरोबर गेलं. मी उरलेली अठरा पिशवीत भरत बसलो.

१३ एप्रिल
ऑफिसात एक पुसट नोंद समोर आली. पेन उचललं. ठेवलं. आवक-जावकवाल्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना? प्रेमाने विचारलं, हे जास्त लागलं.

माफीचं पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा चार पानांचा, त्यात साडेतीन पानं माझा हेतू कसा चांगला होता यावर. फाडला. दुसरा अडीच पानांचा. त्यातही दोन पानं तेच. फाडला.

१७ एप्रिल, रविवार
अठरा पुस्तकं घेऊन गेलो. पत्र नाही. दारातच म्हणालो, काकू, चुकलो. खरं तर चुकलो ते शाईच्याही आधी, तुम्ही पहिल्या दिवशी सांगत होतात तेव्हाच. मी खुणा मोजत होतो.

त्या म्हणाल्या, आत या, उंबऱ्यात कशाला. चहाला कप नेहमीचाच काढला. निळं पुस्तक त्यांच्या खुर्चीच्या हातावर होतं. त्यांनी ते उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं, माझ्यापासून लांब. ते बरोबरच होतं.

निघताना माझं हस्तलिखित परत दिलं. वाचलं, म्हणाल्या. मोठ्यानेच वाचलं, सवय आहे. भाषणाच्या आधीच झालं होतं वाचून.

जिन्यात उघडलं. समासात पेन्सिल. पान चारवर फुली. नवावर फुली. पुढे अकरा, सोळा, एकवीस. चौसष्ट पानांत एकच टिक. प्रस्तावनेत. 'त्यांच्या पत्नीला कल्पना असणं शक्यच नव्हतं' या वाक्यापाशी.

हसल्या होत्या तर.

रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कठड्याला धरून वाटलं. कठडा हलला.

२४ एप्रिल, रविवार, दुपार
पुस्तक छापायचं नाही असं अध्यक्षांना कळवलं. ते म्हणाले, तेही तसंच म्हणणार होते.

आजपासून रोजनिशी पेन्सिलीने.

जेवणानंतर हिला म्हटलं, माझं लिखाण जरा मोठ्याने वाचून दाखवतेस? मला ऐकायचं आहे, नेमकं काय वाईट झालं ते. हिने खुर्ची ओढून घेतली. मी डोळे मिटले. प्रस्तावना नीट ऐकली, टिकेपाशी कान गरम झाले.

जाग आली तेव्हा ही चहा घेत होती. विचारलं, कुठे झोप लागली मला? खूण केलीस का?

म्हणाली, पान चार. करावी लागली नाही. होतीच तिथे.