उपाशी मृदंग

२८ एप्रिल, प्रकाशा

आले एकदाची! शहाद्याहून रिक्षात मी, हार्मोनियम, तबल्याचा जोड आणि चार किलो चिवडा. ऊन त्रेचाळीस. पण जागा पाहिली आणि सगळा शीण गेला. भूपेंद्रभाई पाटलांनी केळीच्या पॅकिंगचा हॉल शिबिरासाठी मोकळा करून दिलाय. तापीकडून वारा येतो, आवाज छान घुमतो.

अकरा मेपासून सात दिवस, चाळिशीपुढच्यांसाठी गाण्याचं शिबिर. बारा जण येणार: एक निवृत्त तलाठी, दाताचे एक डॉक्टर, काही शिक्षिका आणि माझी धाकटी बहीण सीमा. सीमा लयीला पहिल्यापासून कच्ची. लहानपणी तिची टाळी चुकली की मी तिच्या हातावर पट्टी मारायचे. एकदा रक्त आलं, त्या दिवशी तिने गाणं सोडलं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा शिकते म्हणतेय, तेही माझ्याकडेच. या खेपेला एकदाही ओरडणार नाही, असं मी तिला कबूल केलंय. माझ्यासाठी सगळं शिबिर त्या एका वचनापुरतं आहे.

३० एप्रिल

वेळापत्रक झालं. सकाळी स्वर, दुपारी ताल. भिकुबाई स्वयंपाकाला आहेत, त्यांच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन माझा आवाज बसणार हे नक्की!

हॉलच्या भिंतीवर एक जुना मृदंग टांगलाय. मृदंगाच्या डाव्या बाजूला वाजवण्याआधी कणीक थापतात, तेव्हा तो खर्जात बोलतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. हा भूपेंद्रभाईंच्या नवलकाकांचा. इथल्या भजनी मंडळाची रीत अशी की, वाजवणारा गेला की दुसऱ्या कुणी चारचौघांत मृदंग मांडीवर घेईपर्यंत त्याला कणीक लावायची नाही. वीस वर्षांत कुणी घेतला नाही.

का, ते भिकुबाईंनी विचारल्यावर सांगितलं. सप्ताहात भर दुपारी एका टाळकऱ्याचा ठेका चुकला, तर नवलकाकांनी हातोडीने त्याचं डोकं फोडलं. सोडवायला आलेल्या दोघांचीही फोडली. मग तापीत उडी घेतली. उठताना म्हणाल्या, “ताई, त्याले कनिक लावू नका. तो उपाशीच बरा शे.”

मला हसू आलं. माणसाच्या रागाचं खापर बिचाऱ्या लाकडावर!

१ मे

न लागलेलं वाद्य भिंतीवर मला बघवत नाही, काय करू! भिकुबाई बाजारात गेल्यावर कणीक मळली, माझी तबल्याची हातोडी घेतली आणि मृदंग लावला. काय तो धुम्! पोटात उतरला. तासभर वाजवलं. जेवायला उशीर झाला म्हणून कणीक खरवडायची राहिली.

२ मे

सकाळी कणीक नाही. उंदीर म्हणावा तर कातड्यावर दातांची खूण नाही, कुणी चाटून घेतल्यासारखं स्वच्छ. पुन्हा लावली. दुपारी पाहिलं, पुन्हा नाही. भिकुबाईंची भांडी घासायची लय चुकते, हे आज पहिल्यांदा जाणवलं. फार चुकते.

३ मे

शेतावरचा गडी दगा पंख्यासाठी भिंतीत खुंटी ठोकत होता. एक, दोन, तीन, आणि चौथा ठोका उशिरा. दर वेळी उशिरा. मी सांगितलं. तो हसला. माझ्या हातात तबल्याची हातोडी कधी आली ते आठवत नाही. त्याचा पंजा भिंतीवर दाबून धरला होता. त्याची तीन बोटं पिचली. हाडाचा आवाज मात्र अगदी समेवर आला आणि मला बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं!

भूपेंद्रभाई त्याला शहाद्याला दवाखान्यात घेऊन गेले. दगाने माझं नाव घेतलं, पण त्यांना ते खरं वाटेना. पंचावन्न वर्षांची मास्तरीण असं कसं करील? उन्हाने त्याचं डोकं फिरलंय म्हणाले.

हातोडी तापीत फेकली.

४ मे

हातोडी उशाशी. ओली.

५ मे

पळाले. नाशिकची बस धरली. पुढच्या सीटवर एक म्हातारा भजन गुणगुणत दांडीवर बोटं वाजवत होता. चुकत होता. मी त्याचे केस धरले आणि डोकं दांडीवर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा लयीत. लोकांनी मला ओढलं, बस थांबली, मी उसात शिरले. पाय आपोआप इकडेच आले.

मृदंग विळ्याने फाडला. दोन्ही बाजूंच्या पुड्या. धुम् थांबला नाही — तो आता माझ्या डाव्या तळहातात आहे.

६ मे

सगळ्यांना फोन करून शिबिर रद्द केलं. अकरा जणांनी ऐकलं. सीमाला रडून सांगितलं, येऊ नकोस, मी तुला मारीन. ती म्हणाली, लाज वाटते ना ताई तुला माझी, अजून? तिने फोन ठेवला. मग उचललाच नाही.

चूक माझीच. आयुष्यभर तिला मारलं, आता खरं सांगितलं तर ते तिला जुनंच वाटलं.

७ मे, सकाळ

भिकुबाईंना म्हटलं, मला हॉलमध्ये कोंडा, बाहेरून कडी घाला, पोलिसांना आणा. रडत रडत त्यांनी कडी घातली. भूपेंद्रभाईंना शोधायला शहाद्याला गेल्या. खिडक्यांना गज आहेत. बरं झालं. इथे कुणी नाही. कुणाचा ठेका नाही.

दुपार

रिक्षा —

सीमा आलीय. चार दिवस आधीच. दाराबाहेर. म्हणते, घरी बसून सराव केलाय, ताई, ऐक तर.

ओरडले, जा म्हणून. हसली. तुझ्या ओरडण्याची सवय आहे म्हणाली.

उजव्या हातात पेन. डाव्यात हातोडी. सोडवत नाही — बोटं उघडत नाहीत —

दारावर टाळी धरलीय तिने. गातेय. छान गातेय गं. लहानपणी मी तिला गाऊच दिलं —

पाच बरोबर. सहा बरोबर. सीमा, नीट. फक्त आठ मात्रा. नीट, बाळा —

सातवी चु

कडी काढ