पिशवीसकट येते

१६ ऑक्टोबर २०१८
काढणार नाही. नाही म्हणजे नाही!

काल नवरात्राच्या सहाव्या उपासाला पोट असं पिळवटलं की जमिनीवर लोळले. खासगी डॉक्टरनं हातसुद्धा लावला नाही – "गर्भपिशवी खराब झालीय, काढून टाका." माझं वय सव्वीस. एक पोर आहे, दुसरं हवंय मला!

१९ ऑक्टोबर
यंदा विहिरीला टिपूस नाही, अख्खा गाव ऊसतोडीला निघालाय. मुकादम धोंडीराम दारात – "वैनी, पिशवी काढूनच या. फडात लोळाय लागल्या की खाडा पडतो. समद्या बाया काढतेत!"

"तुमचं डोकं दुखलं की डोकं काढता का?" तरातरा निघून गेला.

सासूबाई म्हणाल्या, "देवीचा कोप हाय. मंगळवार बी धर." धरते.

२४ ऑक्टोबर
काल उपास, आज पुन्हा तेच! नवऱ्याला म्हटलं, मोठ्या सरकारी दवाखान्यात ने, नाहीतर एकटी जाते. नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी कुणी न विचारलेलं विचारलं – "आदल्या दिवशी काय खाल्लं होतं?" काही नाही. "मागच्या वेळी?" काही नाही. मग माझ्या लघवीची बाटली खिडकीत उन्हात ठेवली. दुपारपर्यंत काळपट लाल! भीती वाटली.

३ नोव्हेंबर
तपासायला पुण्याला पाठवलेल्या लघवीचा रिपोर्ट आला. पोर्फिरिया. लाखात एखाद्याला होतो, जिवावर बेततो. पिशवीचा काडीचा संबंध नाही! उपाशी राहिलं की भडकतो. बरं वाटावं म्हणून उपास धरत होते, आणि उपासच मला मारत होता!

दुखायला लागलं की लगेच ग्लुकोजची सलाईन. तेवढ्यानं भागलं नाही, तर त्यावर इंजेक्शनही असतं म्हणे. सात वर्षं साखर कारखान्याला ऊस घातला, अन् औषध निघालं साखर! दवाखान्यातच हसत सुटले.

मुकादमाला सांगून टाकलं – येते तोडीला. पिशवीसकट.

६ नोव्हेंबर
मंगळवार. सासूबाईंसमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या.

१० नोव्हेंबर
रक्ताच्या नात्यातल्यांनाही तपासा म्हणाल्या डॉक्टरबाई. पोर लहान आहे, तिचं नंतर बघू. थोरल्या बहिणीचं, छबुअक्काचं, रक्त देऊन आले.

२० डिसेंबर
फडात होते. छबुअक्काचा फोन. तिलाही तोच आजार. तिची पिशवी तीन वर्षांपूर्वीच काढली, असंच पोट दुखतं म्हणून.  मग म्हणाली, "मंग माझी कावून काढली गं?"