आठव्या घरट्याचा काठ

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (होडीत बसून लिहिते आहे, त्यामुळे पूर्ण आडवं होता आलं नाही, उरलेला घरी आल्यावर करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी देते तो लेप लावता, की खिडकीत वाळवून संपला म्हणून सांगता? मी बरी आहे. म्हणजे अंगाने बरी आहे. मनाचं कळवण्यासाठीच हे पत्र.

इथल्या तळ्याकाठच्या घरांचं पोट चटयांवर चालायचं आणि चटया लव्हाळ्यावर. लव्हाळा कापून कापून पक्ष्यांची घरटी संपत आली, तेव्हा आमच्या कार्यालयाने कापणी बंद केली आणि बदल्यात राखणीचं काम दिलं. एका घरट्यामागे एका घराला काम. (हा नियम करताना पक्ष्यांना कोणी विचारलं नव्हतं.) यंदा राखण करणारी घरं अकरा आणि घरटी सात. मोजणी माझ्याकडे. सात लिहिलं की चार घरांचं काम गेलं, आणि काम गेलेला माणूस कोयता शोधतो; मग उरलेल्या सात घरट्यांचंही काही खरं नाही. त्या चारांत माझी घरमालकीण काकू एक. तिची बाजू घेते असं कोणी म्हणू नये म्हणून मी महिनाभर तिच्या हातचा चहा बंद ठेवला. त्याने कोणाचंच भलं झालं नाही.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी काकूने मला होडीतून नेलं आणि घरटी भरली अकरा! मी आनंदाने अकरा लिहिले. मग होडी आठव्या घरट्याच्या जवळ गेली (काकू वल्हं उलटं मारत होती, तरी गेली) आणि मला काठ दिसला. मामा, दुहेरी पिळाचा काठ. शेवटची काडी आत खोचून दडवलेली. शाळेचं तोंड पाहण्याआधी तुम्ही मला टोपलीच्या काठाचे पीळ मोजायला लावून अंक शिकवलेत. त्यामुळे एक वेळ पक्षी ओळखायला मी चुकेन, काठ ओळखायला नाही. मी काकूकडे पाहिलं. काकूने आभाळाकडे पाहिलं.

“पाखरं काय, बघून बघून शिकतात,” ती म्हणाली.

“काडी दडवायलासुद्धा?”

“असते एखादी हुशार. तू नाही का शिकलीस?”

डोळ्यांनी पाहिलं तेच लिहावं, ही तुमची शिकवण. मी खोडरबर काढला. तेवढ्यात एक पक्षीण आली, काठ चोचीने दोनदा ओढून पाहिला (तुमची गिऱ्हाइकं ओढतात तसाच) आणि आत बसली. तीन दिवसांत अंडी. नवव्यातही तेच. आता ज्यात अंडी आहेत ते घरटं नाही तर काय? घरटं कोणी बांधावं याबद्दल नियमांत एक अक्षर नाही. मी तीनदा वाचले. तक्त्यात ‘घरट्याचे साहित्य’ असा रकाना आहे, तिथे मी अकराही ठिकाणी ‘स्थानिक’ लिहिलं. आठव्यापुढे ‘कारागीरही’ असं जोडलं, मग खोडलं, मग खोडल्याबद्दल सही केली. आता तिथे भोक आहे.

दहावं आणि अकरावं मात्र रिकामंच. पक्षी येतात, बूड दाबून पाहतात आणि निघून जातात. काकू म्हणते, नखरे वाढलेत मेल्यांचे. मामा, बूड ढिलं आहे. मी बोलले नाही, कारण अकरावं तिनेच विणलंय.

येत्या सोमवारी साहेब स्वतः तपासायला येणार आहेत. मी सगळं खरं सांगायचं ठरवलं आहे. घरटी नऊ, त्यांतली दोन हातची. दोन घरं सुटली तर सुटली. तुमच्या भाचीचं मन स्वच्छ आहे.

तुमची आज्ञाधारक

ता. क. गुरुवारच्या पहिल्या गाडीने निघा. येताना सुरी आणा. बूड घट्ट कसं विणायचं ते काकूला मी सांगितलं, तर मोजणाऱ्यानेच हात लावल्यासारखं होईल. तुम्ही सांगितलंत तर त्या पाहुण्याशी झालेल्या गप्पाटप्पा.

आणखी एक. आठव्याचा काठ उसवून जरा गबाळा करायचा आहे. पक्षीण चरायला जाते तेवढ्यात होईल. साहेबांच्या आई टोपल्या विणायच्या, असं आजच कळलं.