कोरी काच

११ नोव्हेंबर

सरांचा पेपर छापून आला. माकलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, मज्जापेशींतलं प्रथिन — चौदा फोटो, चौदाच्या चौदा माझे! आठ महिने मी काप काढले, अँटिबॉडी घातल्या, अंधाऱ्या खोलीत डोळे फोडून घेतले. आणि नावं कुणाची? आंतोन सर, आणि त्यांचा गोव्यातला मित्र, जो मालवणात एकदाच आला आणि बांगडे खाऊन गेला. शेवटी बारीक अक्षरात "प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांचे आभार". कर्मचारी! रसिका लिहायला हात झडले असते?

विचारलं तर म्हणाले, "अगं नाव काय, पुढच्या वेळी घालू."

बघतेच पुढची वेळ.

१४ नोव्हेंबर

सरांशी कामापुरतंच बोलते. त्यांना कळलंसुद्धा नाही. हेच जास्त झोंबतं.

१९ नोव्हेंबर

डिसेंबरात पणजीला परिषद. माकलात अजून कुणाला न दिसलेलं प्रथिन सरांना तिथे दाखवायचंय. म्हणजे परत मीच राबायचं. आईला सांगून ठेवलं — विकायची मासळी घ्यायला किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढतात तिथे जातेच, ताजी माकलं दिसली तर माझ्यासाठी बाजूला काढ.

२१ नोव्हेंबर

माकलं काल दुपारीच मिळाली, पण मी कुडाळला रसायनांचं पार्सल आणायला गेलेले. आईने फ्रीजमध्ये ठेवली आणि आज सकाळी डब्यात भरून दिली. लॅबमध्ये पोचल्या पोचल्या फॉर्मलिनमध्ये टाकली.

२७ नोव्हेंबर

चमकतंय! मज्जातंतूंची अख्खी गाठ हिरवीगार. सर नाचायचेच बाकी होते. तसेच बायकोला फोन करत घरी गेले.

मग मी कोरी काच लावली. हा सरांचाच नियम. पहिली अँटिबॉडी प्रथिनाला चिकटते, दुसरीला रंग असतो, ती पहिलीला चिकटते. दर खेपेला एका काचेवर पहिली घालायचीच नाही. ती काच काळीच दिसली पाहिजे. दिसली तरच बाकीच्यांची चमक खरी.

तीसुद्धा हिरवीगार!

घरी येऊन आईला विचारलं, त्या माकलांना काय केलेलंस?

"कुसतली म्हणान हळद-मीठ लावन ठेवलंय. सकाळी धुवन दिलंय मां!"

हळद! निळ्या प्रकाशात हळद आपली आपणच हिरवी चमकते. नवीन प्रथिन कसलं, कालवणाची तयारी! हसून हसून पोट दुखलं. आई विचारत राहिली, काय झालं गो.

उद्या सरांना सांगायला हवं. हवं का?

२८ नोव्हेंबर

"कोरी काच बघितलीस?"

"बघितली सर. काळी आहे."

पटकन तोंडातून गेलं. पटकन कसलं — येताना बसमध्ये घोकत आले होते. सर म्हणाले, तू बघितलीस म्हणजे मी परत बघायला नको. कोरी काच आता माझ्या जेवणाच्या पिशवीत आहे, रुमालात गुंडाळून.

३ डिसेंबर

सरांनी परिषदेला गोषवारा पाठवला. मला वाचायलाही दिला नाही, म्हणाले, नंतर बघ. नकाच दाखवू! पणजीत कुणीतरी जाणता माणूस उठेल, कोरी काच दाखवा म्हणेल. काळी होती म्हणून सांगितलं, तर ताज्या माकलावर पुन्हा करून बघा म्हणेल. आणि तिथे काही म्हणजे काही चमकणार नाही. भर सभेत सर चाचरतील, घाम पुसतील. मी मागच्या रांगेत बसून बघणार. अबोली रंगाची साडी नेसून जाणार. आठ महिन्यांचे डोळे भरून निघायला हवेत.

तेव्हा मानू देत कर्मचाऱ्यांचे आभार.

५ डिसेंबर

सर बाजारात आईकडून सुरमई घेऊन गेले. घासाघीस न करता. "तुमचा चेडू हुशार आसा," म्हणाले. लेकीचं हे कौतुक आईने मला तीनदा सांगितलं, एकदा शेजारच्या डोरथी मावशीला हाक मारून तिच्यासमोर.

गोड बोलायला काय जातं! मी विरघळणार नाही.

६ डिसेंबर

काच फेकून द्यावी का? नको. असू दे.

९ डिसेंबर

पणजीहून छापील पत्रिका आली. सरांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली. म्हणाले, "गेल्या वेळी चुकलं माझं. ह्या वेळी काम तुझं, बोलायचंसुद्धा तूच."

पहिलं नाव माझं. वक्ता मीच. सरांचं खाली, बारीक अक्षरात.

आईला चष्मा सापडेना. नाव खंय आसा ता विचारून घेतलं, पत्रिका देवापुढे ठेवली आणि माझ्या नावावर हळदीचं बोट लावलं.