सांधलेली बाज

बेलापूर, शनिवार, १ जानेवारी १९४४

आलो एकदाचा बेलापुरात! वेशीजवळ जागा मिळाली. पुढे दुकान, मागे राहायची खोली. वीस वर्षांपूर्वी नगरला झेंडीगेटात दुसऱ्याच्या अंगणात दोर वळत होतो; आज दारावर माझी पाटी आहे, ‘नूरमहंमद दोरवाले’. पाटी लावून चार वेळा रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघून आलो. चौथ्यांदा एक म्हातारा थांबून माझ्याबरोबर बघायला लागला, तेव्हा लाजून आत आलो.

उसाच्या गाड्या दारावरूनच जातात. गाडीवानाला कासरा लागतो, दावं लागतं, आणि लागतं ते दिवस फुटायच्या आत. पहाटे फळ्या काढील त्याचंच दुकान चालणार. मला त्याची काळजी नाही, जन्मात कधी सूर्याच्या मागून उठलेलो नाही. दोर पारखतो तोही कानानं. ताणला की तो बोलतो, कुठला पेड कच्चा आहे ते सांगतो.

बायको, हमिदा, शुक्रवारी, एकवीस तारखेला नगरहून येईल. तोवर बस्तान बसवायचं. तिच्या वेणीला मी नेहमी म्हणतो, घरातला सगळ्यात उत्तम तीनपेडी दोर हाच, फक्त दुकानात टांगता येत नाही.

३ जानेवारी

घरमालकीण गोजरबाई शेजारीच राहते. तिच्या पडवीत एक सागवानी बाज उभी दिसली, दोर सात ठिकाणी कापलेला. मी मागितली तर म्हणाली, न्हाई शेठ, तिला हात लावू नगा. आधीचा भाडेकरू पुंजाराम तिच्यावरच झोपेत गेला. मानूस जायला लागला की आमी त्याला भुईवर घेतो. त्याला घ्यायला कोनी न्हवतं. बाजेवर गेलेला जीव बाजेतच गुततो, म्हनून दोर कापून मोकळा केला त्याला.

ज्याची त्याची रीत, मी मान डोलावली. पण दोर अंबाडीचा, पीळ कसा रेखलेला! लढाईच्या दिवसांत असा माल डोळ्यांना दिसत नाही. तो चुलीत जावा हे माझ्यानं बघवेना. गोडीगुलाबीनं बाज घेतली, दुपारी बसून सातही जागा पिळात पीळ घालून सांधल्या. मी डावखुरा, माझा पीळ उलटा पडतो; माझा सांधा मीच ओळखावा, दुसऱ्याच्या बोटाला लागणार नाही. गोजरबाईनं दारातून पाहिलं. पदर तोंडाला लावून आत गेली.

५ जानेवारी

सहादेव गाडीवानानं फळ्या बडवल्या तेव्हा बाजेवरून उठलो. ऊन दुकानात आलं होतं. सहादेव म्हणाला, काय शेठ, नगरची झोप गाठोड्यात बांधून आनली व्हय? मी म्हटलं, पाणी नवं आहे बाबा. दोघंही हसलो.

८ जानेवारी

रोज उशीर. जाग पहाटेच येते, उठता मात्र येत नाही. कान उघडे, डोळे उघडे आणि अंग दुसऱ्या कुणाचं तरी. बैलांच्या घुंगरांवरून गाड्या मोजतो. आज दारासमोर सहादेव कुणाला तरी सांगत होता, शेठ लई सुखावलं, आता खालच्या आळीच्या दुकानात चला. हे ऐकत पडून राहिलो. मी, नूरमहंमद! उठलो तेव्हा नऊ वाजून गेले होते.

आणखी एक. बाज वापरानं सैल पडते. ही घट्ट होत चालली आहे.

११ जानेवारी

पहाटे दोर बोलला. कूस बदलल्याचा आवाज. मी हललो नव्हतो. माझ्या पाठीखालीच कुणी उठायला बघतं, थोडं वर येतं, परत पडतं. पुन्हा बघतं.

दुपारी गोजरबाईला विचारलं, पुंजारामला आजार कसला होता? ती रडायलाच लागली. महिनाभर रोज सकाळी हाक मारायचा म्हणे, उठवा मला, उठवा. म्हणाली, मला वाटलं सोंगं करतोय मेला, आळशाचा राजा. एक दीस हाक आलीच न्हाई, तवा गेले.

१३ जानेवारी

काल दुकानात गोणपाटावर झोपलो. जाग आली ती बाजेवर. अंगाला गोणपाटाचा भुसा तसाच.

१५ जानेवारी

दोन प्रहरी कसाबसा उठलो. विळा घेतला आणि दोर कापला. सात नव्हे, सतरा ठिकाणी. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला! आज भुईवर झोपणार. हमिदाला नवी बाज विणून देईन, नव्या दोराची.

१६ जानेवारी

बाजेवर जाग आली. दोर अखंड.

बोटं फिरवली. नवे सतरा सांधे. पीळ उलटा.

माझ्या नखांत अंबाडीचे तंतू.

१७ जानेवारी

दिवस मावळताना उठलो. सहादेव परतताना दिसला, त्याचे हात धरले. म्हटलं, उद्या पहाटे कुऱ्हाड आण, ही बाज फोड, जाळ. तो हसला नाही. येतो म्हणाला.

तो गेल्यावर हमिदाला पत्र लिहिलं, येऊ नकोस. तिला वाचता येत नाही, शेजारचं कुणी वाचून दाखवील. उद्या सहादेवच्याच हाती टपालात देईन. आज बसून राहायचं. डोळा लागू द्यायचा नाही.

१८ जानेवारी

लागला.

सहादेव आला होता. कुऱ्हाड खाली टेकल्याचा आवाज ऐकला. शेठ, शेठ. मी ओरडत होतो, ओठ हलत नव्हते. परक्याच्या घरात तो कसा शिरेल? दाराशीच म्हणाला, निजा मग. लांबची खेप हाय, चार दिसांनी येतो.

पत्र उशाखाली आहे.

१९ जानेवारी

डावा हात तेवढा चालतो. वही उशाशी, पेन्सिल तिच्यात. पाणी नाही.

सकाळी एकदा आवाज फुटला — उठवा मला, उठवा. भिंतीपलीकडे गोजरबाईची पावलं थांबली. बांगड्या वाजल्या, कानांवर हात नेताना वाजतात तशा. मग पावलं गेली. लांब गेली.

तिची चूक नाही. तो आवाज माझा नव्हता.

२० जानेवारी

उजवा हात कुठे आहे ते — मान वळत नाही. पाठ कुठे संपते, दोर कुठे सुरू — खालचा माझ्याबरोबर श्वास घेतो. आता उठायचं तोही बघत नाही.

डावाच का सोडला?

या अल्ला, तिची गाडी चुकू दे.

२१, शुक्रवार

टांगा. घोडा थांबला. तिचा आवाज — टांगेवाल्याशी हसून —

दार उघडलं. म्हणतेय, सूर्य डोक्यावर आला, उठा की. असं कधी तरी झालंय का तुमचं? अजून हसतेय.

वही पुढे केली. वाच, वाच — तिला कुठे —

दमलेय म्हणते. जरा टेकते म्हणते. नको. हमिदा, बाजेवर नको —

टेकली. वेणी माझ्या हाताशी पडली आहे. तीन पेड. आता कळलं डावा का — सांधायला — बोटं पेन्सिल सोडताहेत, मी नाही, मी सोडत ना